रंग कशाने ठरतो? : अब्जांश स्फटिकांचा प्रकाश आणि आपले दिवे

(वार्षिक कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘अर्धसंवाहक अब्जांश पदार्थांच्या प्रकाश-उत्सर्जनाचे रंगनियमन’ असे भारदस्त शीर्षक छापलेले आहे. ते वाचून काही मंडळी चहाच्या टेबलाकडे वळली, हे मी येथून पाहिले. त्यांचा दोष नाही. शीर्षक माझेच आहे. विषय मात्र आपल्या डोक्यावर या क्षणी जळत असलेल्या दिव्यांचा आहे. या व्यासपीठावरून दिव्यांविषयी काय बोलावयाचे, असे कोणी विचारील तर एवढेच सांगतो : १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळीत होते, तेव्हा विजेचे धोरण हा त्याच खात्याचा विषय होता, आणि युद्धोत्तर भारतातील वीजनिर्मिती कशी व्हावी यासंबंधीचे विचार त्यांनी १९४३ साली समितीपुढे विस्ताराने मांडले होते. वीज घराच्या उंबऱ्यापर्यंत कशी आणावी हा त्या काळाचा प्रश्न होता. उंबऱ्याच्या आत आल्यावर तिचा प्रकाश कसा होतो, त्या प्रकाशाचा रंग कोण ठरवितो, तेवढाच भाग मी आज घेतो.

माझा व्यवसाय दिव्यांचा आहे. काही वर्षांपूर्वी शारजातील एका सभागृहात आम्ही छताचे दिवे बसविले. माल एकाच उत्पादकाचा, खोक्यावर छापलेला आकडा एकच. सायंकाळी बटण दाबले आणि सभागृहाची डावी बाजू किंचित हिरवट, उजवी बाजू किंचित गुलाबी दिसू लागली. मालकांनी एक शब्द न बोलता फक्त वर पाहिले. ती रात्र आम्ही शिड्यांवर काढली. आमच्याबरोबर बुलढाण्याकडचे एक वयस्क वायरमन होते. पहाटे शेवटचा दिवा उतरविताना त्यांनी मला विचारले, “साहेब, कंपनी तीच, माल तोच, आकडा तोच; मग रंग का हो बदलला?” भौतिकशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतलेला मी तेव्हा त्यांना “दोन लॉट मिसळले गेले” एवढेच उत्तर देऊ शकलो. व्यवहारात ते उत्तर बरोबर होते. कारखान्यात तयार झालेले एलईडी रंगाप्रमाणे निवडून वेगवेगळ्या गटांत टाकतात, आणि आमच्याकडे दोन गट आले होते. परंतु एकाच भट्टीतून निघालेल्या वस्तूला निवडण्याची पाळी मुळात का यावी, हा त्यांचा खरा प्रश्न होता, आणि तो मी टाळला होता. आजचे व्याख्यान हे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर समजावे.

प्रथम जुन्या दिव्यांकडे जाऊ. आपल्यापैकी पन्नाशीच्या पुढच्या अनेकांनी रॉकेलच्या चिमणीपाशी बसून अभ्यास केलेला आहे. चिमणीची ज्योत पिवळी का दिसते? ज्योतीतील काजळीचे कण तापून चमकतात म्हणून. तेथे रंग ठरविते ते तापमान. चिमणी अंदाजे १,९०० केल्व्हिनला जळते, विजेच्या जुन्या बल्बची तार २,७०० केल्व्हिनच्या आसपास तापते, म्हणून बल्बचा उजेड चिमणीपेक्षा पांढरा. तापविलेली वस्तू लोखंड असो वा टंगस्टन, फरक थोडाच. या मार्गाने उजेड मिळविण्यात मोठा तोटा असा की बल्बला दिलेल्या विजेचा फार मोठा भाग उष्णता म्हणून वाया जातो, आणि येथल्यासारख्या देशात ती उष्णता बाहेर काढण्यासाठी वातानुकूलन यंत्राला पुन्हा वीज द्यावी लागते. अमिरातीने २०१४ साली असे अकार्यक्षम बल्ब बाजारातून हटविण्यास आरंभ केला, त्यामागे हा दुहेरी हिशेब होता.

दुसरा मार्ग वाफेचा. रस्त्यांवरचे सोनेरी पिवळे दिवे आपण वर्षानुवर्षे पाहिले आहेत. त्यांत सोडियमची वाफ असते, आणि सोडियमचा अणू प्रामुख्याने ५८९ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा पिवळा प्रकाश देतो. पारा घेतला तर वेगळा रंग, निऑन घेतला तर तांबडा. येथे रंग ठरविते ती अणूची जात. (पाठ्यपुस्तके प्रकाशाच्या पट्ट्याला ‘वर्णपट’ म्हणतात. शब्द मी वापरणार आहे. तो ऐकताना आपल्या मनात आणखी काय येते ते मला ठाऊक आहे, पण त्याला माझा इलाज नाही.)

तिसरा मार्ग एलईडीचा. अर्धसंवाहक स्फटिकात इलेक्ट्रॉनांना राहण्यासाठी ऊर्जेचे दोन मजले असतात आणि मध्ये मोकळे अंतर असते. वरच्या मजल्यावरचा इलेक्ट्रॉन खालच्या मजल्यावरील रिकाम्या जागेत उतरला की, जेवढे अंतर तेवढ्या ऊर्जेचा प्रकाशकण बाहेर पडतो. अंतर लहान असेल तर तांबडा, मोठे असेल तर निळा. हिशेब सोपा आहे : १,२४० या संख्येला इलेक्ट्रॉन-व्होल्टमधील अंतराने भागले की तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये मिळते. दोन इलेक्ट्रॉन-व्होल्टचे अंतर म्हणजे ६२० नॅनोमीटर, तांबडा. पावणेतीनचे अंतर म्हणजे ४५० नॅनोमीटर, निळा. निक होलोनियाक यांनी १९६२ साली तांबडा एलईडी केला, तो गॅलियम, आर्सेनिक आणि फॉस्फरस यांच्या मिश्र स्फटिकाचा. निळ्यासाठी मात्र जगाला तीस वर्षे थांबावे लागले. गॅलियम नायट्राइडचा निर्दोष स्फटिक वाढविणे हे भल्याभल्यांनी सोडून दिलेले काम जपानच्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांनी तडीस नेले, आणि त्यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपला पांढरा दिवा मुळात पांढरा नाही. आत निळा एलईडी असतो, वर पिवळा प्रकाश देणाऱ्या पुडीचा लेप असतो, आणि निळा व पिवळा मिळून डोळ्याला पांढरे वाटते.

या तिसऱ्या मार्गात रंग ठरवितो तो स्फटिकातील घटकांचा मेळ. निळ्या एलईडीत गॅलियमबरोबर थोडे इंडियम घालतात. इंडियम वाढवीत नेले की रंग निळ्याकडून हिरव्याकडे सरकतो, परंतु त्याबरोबर स्फटिक आतून ताणला जातो आणि त्याची कार्यक्षमता घसरते. एका तबकडीवर हजारो एलईडी वाढतात. तबकडीच्या एका कडेला इंडियम किंचित अधिक बसले, पिवळ्या पुडीचा लेप किंचित जाड झाला, की रंग हलला. आमच्या सभागृहाचे हिरवट-गुलाबी प्रकरण यातूनच उद्भवले होते.

आता चौथा मार्ग, आणि तोच आजचा मुख्य विषय. पदार्थ तोच ठेवावयाचा, घटकांचे प्रमाण तेच ठेवावयाचे, तापमानही तेच, आणि केवळ कणाचे आकारमान बदलून रंग बदलावयाचा.

आपल्या गायन पार्ट्यांमध्ये बाजाची पेटी असते. ती उघडून पाहिलेल्यांना ठाऊक आहे की आतल्या सुरांच्या पट्ट्या सगळ्या एकाच पितळेच्या असतात. खर्जाच्या बाजूच्या पट्ट्या लांब, तारसप्तकाच्या आखूड. पितळ बदलत नाही. लांबी बदलते आणि सूर बदलतो. पेटी दुरुस्त करणारा कारागीर पट्टीचे टोक किंचित खरवडून सूर चढवितो. स्फटिकातील इलेक्ट्रॉन हाही तरंगासारखा वागतो, हे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुंजभौतिकीने दाखवून दिले. मोठ्या स्फटिकात त्याला ऐसपैस जागा असते. स्फटिक काही नॅनोमीटरएवढा लहान केला की इलेक्ट्रॉन कोंडला जातो, त्याचा सूर चढतो, म्हणजेच वरच्या आणि खालच्या मजल्यांतील अंतर वाढते. कण निम्मा केला तर या कोंडण्यातून येणारी वाढ ढोबळमानाने चौपट होते.

उदाहरणार्थ कॅडमियम सेलेनाइड घ्या. त्याच्या मोठ्या स्फटिकातले अंतर १.७४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे दृश्य वर्णपटाच्या अगदी तांबड्या काठावर. त्याचाच कण पाच-सहा नॅनोमीटरचा केला की स्वच्छ तांबडा प्रकाश मिळतो, चार नॅनोमीटरच्या आसपास नारिंगी-पिवळा, तीनच्या आसपास हिरवा, आणि दोनच्या जवळ आला की निळसर. नॅनोमीटर म्हणजे किती? आपले नख साधारण सेकंदाला एक नॅनोमीटर वाढते. म्हणजे मी हे वाक्य उच्चारीत असताना आपले नख जेवढे वाढले, तेवढ्या मापात तांबड्यापासून निळ्यापर्यंतचा सगळा प्रवास बसतो. अशा एका कणात काही शेकड्यांपासून काही हजारांपर्यंत अणू असतात. यांनाच क्वांटम डॉट म्हणतात.

हा शोध एका जागी लागलेला नाही. सोव्हिएत संघात लेनिनग्राड येथे अलेक्सी एकिमोव्ह रंगीत काचेचा अभ्यास करीत होते. काचेत विरघळविलेल्या कॉपर क्लोराइडचे सूक्ष्म स्फटिक तयार होतात, आणि काच किती तापविली व किती वेळ तापविली त्यावर स्फटिकांचा आकार ठरतो, आणि आकारावर त्यांचे प्रकाश शोषण, हे त्यांनी १९८१ साली प्रसिद्ध केले. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत लुई ब्रुस द्रावणात तरंगणाऱ्या कॅडमियम सल्फाइडच्या कणांवर काम करीत होते. टेबलावर काही काळ राहिलेल्या द्रावणाचे प्रकाशीय गुण बदललेले त्यांना आढळले. कण वाढले होते. निष्काळजी माणसाने ते द्रावण मोरीत ओतून दिले असते. ब्रुस यांनी कारण शोधले, आणि १९८३ पासून त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध होत गेले. शीतयुद्धाच्या त्या दिवसांत इकडचे काम तिकडे कळावयास वेळ लागे.

तथापि रंग हवा तसा ‘लावता’ येण्यासाठी सगळे कण एकाच मापाचे हवेत. निम्मे तीन नॅनोमीटरचे आणि निम्मे पाचचे असतील तर रंग गढूळ होणार. ही अडचण मुंगी बावेंडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली अमेरिकेतील एमआयटीमध्ये सोडविली. त्यांची रीत शेतकऱ्याला चटकन कळेल. एकाच वाफशावर, एकाच दिवशी पेरलेली ज्वारी एकसारखी उभी राहते. तुटक पेरणी केली तर ओळी खालीवर होतात. बावेंडींनी सुमारे ३०० अंश सेल्सियसला तापविलेल्या द्रवात कॅडमियम व सेलेनियम असलेले द्रावण एकदम टोचले. त्या क्षणी असंख्य बीजे एकाच वेळी निर्माण झाली. द्रावण गार पडल्याने नवी बीजे होणे थांबले. पुढे पुन्हा तापवून असलेली बीजे सारख्या गतीने वाढविली. हवा तो आकार आला की वाढ थांबवावयाची. बावेंडी यांचे वडील ट्युनिशियाचे. हार्वर्डमधील रसायनशास्त्राच्या पहिल्याच परीक्षेत आपण अनुत्तीर्ण झालो होतो, हे त्यांनी २०२३ साली पत्रकारांना मोकळेपणाने सांगितले. त्याच वर्षी एकिमोव्ह, ब्रुस आणि बावेंडी यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले होते. दहावी-बारावीची मुले मागे बसली आहेत, त्यांच्यासाठी ही माहिती मुद्दाम दिली. पालकांनीही ऐकली असेल अशी आशा आहे.

नुसता कण पुरेसा नसतो. कण इतका लहान असतो की त्याचे बरेचसे अणू पृष्ठभागावरच असतात, आणि पृष्ठभागावर अणूंचे हात मोकळे लोंबत असतात. इलेक्ट्रॉन त्यांत अडकला की प्रकाश न देताच ऊर्जा गमावतो. म्हणून कॅडमियम सेलेनाइडच्या गाभ्यावर झिंक सल्फाइडचे कवच चढविण्याची युक्ती १९९० च्या दशकात निघाली, आणि कणांची चमक अनेक पटींनी वाढली. बाजारात आज ‘क्वांटम डॉट’ म्हणून मिळणाऱ्या दूरचित्रवाणी संचांत साधारणतः हे कण स्वतः विजेवर पेटत नाहीत. मागे निळा प्रकाश असतो. कण तो शोषून शुद्ध हिरवा आणि शुद्ध तांबडा प्रकाश देतात. कणांतून थेट वीज खेळवून प्रकाश काढण्याचा प्रयोग १९९४ साली यशस्वी झालेला आहे, परंतु त्या मार्गाने पुरेसा टिकाऊ निळा रंग मिळविण्याची लढाई अजून चालू आहे.

दिव्यांसाठी या सगळ्याचा उपयोग काय? आपल्या स्वस्त पांढऱ्या दिव्याच्या प्रकाशात तांबडा भाग तोकडा असतो. त्यामुळे टोमॅटो मलूल दिसतात, आणि आपल्यासारख्यांची सावळी कातडी राखाडी दिसते. लग्नाच्या छायाचित्रांत हे आपण पाहिले आहे आणि छायाचित्रकाराला उगाच बोल लावला आहे. तांबडी पूड घातली तर उजेड सुधारतो. पण नेहमीच्या तांबड्या पुडीचा प्रकाश रुंद पट्ट्यात पसरतो आणि त्याचा बराच भाग डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या गडद तांबड्यात वाया जातो. क्वांटम डॉटचा पट्टा अरुंद, सुमारे ३० नॅनोमीटरचा असतो, आणि तो नेमका हवा तेथे, समजा ६२५ नॅनोमीटरला, ठेवता येतो. रंगही चांगला आणि विजेची बचतही, या दोन गोष्टी एरवी एकत्र नांदत नाहीत. दुबई महानगरपालिकेने फिलिप्स कंपनीबरोबर २०१६ साली ‘दुबई लॅम्प’ जाहीर केला, त्यात एका वॅटला २०० ल्यूमेन प्रकाश, म्हणजे ३ वॅटच्या दिव्याने जुन्या ६० वॅटच्या बल्बचे काम, असे गणित होते. त्यात क्वांटम डॉट नव्हते. अधिक एलईडी घालून प्रत्येकाला कमी प्रवाह देणे ही तेथली खुबी होती. पण किती थोड्या विजेत किती उजेड मागावयाचा, याचे माप त्याने वर नेऊन ठेवले.

हे सारे लेनिनग्राड आणि अमेरिकेतच घडले असा समज होऊ नये. पुणे विद्यापीठाच्या, म्हणजे २०१४ पासूनच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या, भौतिकशास्त्र विभागात प्रा. सुलभा कुलकर्णी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी झिंक सल्फाइडच्या अब्जांश कणांत मँगनीज घालण्याचे काम केले, आणि पाण्याच्या माध्यमात असे कण बनविण्याची रीत १९९५ साली प्रसिद्ध केली. या कणांतून नारिंगी प्रकाश निघतो. येथे रंग ठरवितो तो पाहुणा म्हणून आलेला मँगनीजचा अणू. आजूबाजूचा झिंक सल्फाइड ऊर्जा शोषून त्याच्या हाती देतो. मला या कामाचे विशेष वाटते ते दोन कारणांनी. एक, ते पाण्यात झाले. दुसरे, त्यात कॅडमियम नाही.

पुढे २०१५ साली झुरिचमधील मक्सिम कोव्हालेन्को यांच्या गटाने सिझियम, शिसे आणि हॅलोजन यांचे पेरोव्हस्काइट जातीचे अब्जांश स्फटिक प्रसिद्ध केले. त्याच वर्षी पुण्याच्या आयसर संस्थेतील अंगशुमन नाग यांच्या गटाने, मुंबई आयआयटीच्या अरिंदम चौधरी यांच्या सहकार्याने, सिझियम-शिसे-ब्रोमाइडच्या सुमारे ११ नॅनोमीटरच्या घनाकृती कणांचा अभ्यास मांडला. शंभर प्रकाशकण शोषले तर नव्वदाच्या आसपास बाहेर पडतात, एवढी त्यांची हिरवी चमक. कण तुलनेने मोठे असल्याने आकारात थोडा फरक पडला तरी रंग फारसा ढळत नाही. मग रंग बदलावयाचा कसा? हॅलोजन बदलून. क्लोरीन घातले तर निळा-जांभळा, ब्रोमीन हिरवा, आयोडीन तांबडा. आणि हिरव्या कणांच्या द्रावणात आयोडाइड टाकले तर साध्या खोलीच्या तापमानाला काही सेकंदांत रंग तांबड्याकडे धावतो. मोठा स्फटिक बनवून मग त्यातला अणू बदलता येत नाही असे आम्ही शिकलो होतो. येथे तर बाटलीत डोळ्यांदेखत बदलतो.

परंतु जे सहज बदलते ते सहज टिकत नाही. हिरव्या आणि तांबड्या पेरोव्हस्काइट कणांची द्रावणे पांढऱ्या दिव्यासाठी एकत्र केली, तर कण आपसांत ब्रोमीन-आयोडीनची देवाणघेवाण करतात आणि दोन रंगांऐवजी मधलाच एक रंग उरतो. ब्रोमीन-आयोडीन मिसळलेल्या स्फटिकावर सतत प्रकाश पडला तरी दोन्ही हॅलोजन वेगळे होऊ लागतात आणि रंग सरकतो. दमट हवा त्यांना मारक. प्रत्येक कणाला काचेचे किंवा ऑक्साइडचे अंगरखे चढविण्याचे प्रयोग जगभर चालू आहेत ते यासाठी.

आणि उष्णता. या बाबतीत आपण जेथे राहतो तो देश म्हणजे खुली प्रयोगशाळाच आहे. कॅडमियम सेलेनाइडच्या कणांचा रंग तापमान वाढले की तांबड्याकडे सरकतो, प्रत्येक अंशाला सुमारे ०.१ नॅनोमीटर, पेरोव्हस्काइट उलट निळ्याकडे सरकतो, चमक मात्र दोघांचीही उतरते. पुण्याच्या प्रयोगशाळेत २५ अंशांना मोजलेला रंग शारजाच्या औद्योगिक वसाहतीतील पत्र्याच्या छपराखाली, हवाबंद दिव्याच्या आत, तसाच राहील असे समजणे भाबडेपणाचे आहे. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करण्यास येथे मनाई असते. वाहतुकीच्या दिव्याला आणि जाहिरातीच्या फलकाला ती सवलत नाही. माझ्या अनुभवात खोक्यावरचे आयुष्याचे आकडे आणि जुलैतले आयुष्य यांत मोठी तफावत पडते, म्हणून आयात करणाऱ्या आपल्या बांधवांनी ‘किती तास’ एवढेच न विचारता ‘किती तापमानाला’ हेही विचारावे.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय निवडला तिच्याकडे येतो. सर्वांत सुंदर, सर्वांत शुद्ध रंग देणारे हे कण बहुतांशी कॅडमियमचे किंवा शिशाचे आहेत. कॅडमियम काय करते हे जपानच्या तोयामा जिल्ह्यात जिन्झू नदीकाठच्या लोकांनी भोगले. खाणीचे पाणी भातशेतीत गेले, मूत्रपिंडे निकामी झाली, हाडे ठिसूळ होऊन चालता-बोलता मोडू लागली. ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखते, दुखते’, हेच त्या रोगाचे नाव पडले, आणि १९६८ साली जपान सरकारने त्याचे कारण कॅडमियम असल्याचे मान्य केले. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे विद्युत उपकरणाच्या कोणत्याही एकजिनसी भागात कॅडमियम वजनाच्या ०.०१ टक्क्याहून अधिक असू नये, शिसे ०.१ टक्क्याहून, अमिरातीनेही २०१७ च्या मंत्रिमंडळ निर्णयाने याच धर्तीची मर्यादा घातली.

एका दूरचित्रवाणी संचात हा पदार्थ अत्यल्प असतो, दिवाणखान्यात बसून पाहणाऱ्याला त्यापासून धोका नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. भिंतीवरचा संच निरुपद्रवीच असतो. माझा प्रश्न तो उतरविल्यानंतरचा आहे. तो कोण फोडतो? तांबे काढण्यासाठी तारा कोण जाळतो? कोणत्या वस्तीतल्या कोणत्या बायका-मुले उघड्या हातांनी सुटे भाग निवडतात? कुर्ल्याच्या भंगारबाजाराच्या गल्ल्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना मी काही सांगावयास नको. भारतात ई-कचऱ्याचे पहिले नियम २०११ साली निघाले. नियम पुस्तकात आहेत आणि हात भंगारात आहेत. दिव्याचा शोध लावणाऱ्याला पारितोषिक मिळते, ते योग्यच आहे. परंतु कणाची रचना ठरते त्याच दिवशी तो कोणाच्या फुप्फुसात जाणार हेही ठरलेले असते, आणि ती रचना ठरविणाऱ्यांच्या खोलीत त्या गल्लीतून आलेला माणूस क्वचितच बसलेला असतो.

म्हणून कॅडमियमविरहित कणांचे काम मला केवळ तांत्रिक वाटत नाही. इंडियम फॉस्फाइडचे क्वांटम डॉट २०१५ पासून मोठ्या प्रमाणावर संचांत येऊ लागले. त्यांचा पट्टा कॅडमियमच्या कणांपेक्षा किंचित रुंद, बनविण्याची रीत अधिक किचकट, तरीही उत्पादकांनी ते पत्करले, कारण नियमाने भाग पाडले. पेरोव्हस्काइटमध्ये शिशाऐवजी कथील घालून पाहतात, पण कथिलाचे ऑक्सिडीकरण लवकर होते आणि चमक जाते. मँगनीज घातलेल्या झिंक सल्फाइडचा नारिंगी रंग निर्धोक, पण तो आकार बदलून निळ्या-हिरव्याकडे नेता येत नाही; तेथे रंग पाहुण्याच्या हाती असतो. म्हणजे आज तरी हवा तो रंग, टिकाऊपणा आणि निर्धोकपणा ही तिन्ही एका कणात मिळत नाहीत. हे कोडे सुटलेले नाही. आपल्या मुलांपैकी कोणी रसायनशास्त्राकडे वळणार असेल तर त्याला किंवा तिला सुटलेल्या उदाहरणांच्या वहीऐवजी असे कोडे द्यावे. अभियांत्रिकी किंवा वैद्यकी एवढीच दोन दारे आपण घरोघरी उघडी ठेवतो. मूलभूत विज्ञानाच्या दाराला कडी नाही, फक्त त्या बाजूला कोणी पाहत नाही.

माझी वेळ संपत आली आहे. मागच्या टेबलावर, चहाच्या थर्मासशेजारी, मी तीन दिवे आणि जुन्या सीडींचा गठ्ठा ठेवला आहे. हल्ली त्यांचा दुसरा उपयोग उरलेला नाही. सीडी तिरपी धरून तिच्या चकचकीत बाजूत दिव्याचे प्रतिबिंब पाहावे, वर्णपट दिसेल. जुन्या बल्बचा पट्टा सलग दिसतो, पारा असलेल्या सीएफएलचा तुटक, वेगवेगळ्या रेघांचा. आणि साध्या एलईडीत ठळक निळी पट्टी, मग अंधारी खाच, मग पसरट हिरवा-पिवळा आणि शेवटी अशक्त तांबडा. ज्यांच्या घरी क्वांटम डॉटचा संच आहे त्यांनी पडदा पूर्ण पांढरा करून पाहावा, तीन वेगळे रंग स्वच्छ सुटे दिसतील. सीडीतून सूर्याकडे मात्र कोणीही पाहू नये, लहान मुलांजवळ मोठ्यांनी उभे राहावे. प्रश्न तेथेच विचारावेत, जेवणाची घंटा होईपर्यंत मी टेबलाशी आहे.